पन्नाशीला टेकलेली पीएसटी : मेल-साठा प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै

सुरुवात लेखा विभागाच्या मॅडमच्या मशीनपासून. आउटलुक हा मेल-प्रोग्रॅम सांगतोय की डेटा फाइल (मेल साठवणारी पीएसटी फाइल) कमाल आकाराला पोचली. नवी मेल उतरत नाही, पाठवलेली सेंटमध्ये नोंदली जात नाही. फाइल पाहिली तर ४७.५ जीबी. "मर्यादा पन्नासची आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. मग वरचे अडीच जीबी कुठे गेले?" मॅडमचा प्रश्न रास्त आहे.

आउटलुक एक नाही, दोन आकडे सांभाळतं. २०१० च्या आवृत्तीपासून पुढे फाइलचा कमाल आकार ५१,२०० एमबी, म्हणजे ५० जीबी. पण ४८,६४० एमबी भरले की नवा मजकूर घेणं तिथेच थांबतं. मधले पाच टक्के फाइलच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेले असतात. साधी मेल डिलीट करायची तरी ती आधी डिलीटेड आयटम्समध्ये हलवावी लागते, आणि त्या हलवाहलवीच्या नोंदी त्याच फाइलमध्ये होतात. राखीव जागा नसती तर भरलेली फाइल रिकामी करायलाही जागा उरली नसती.

तात्पुरता उपाय म्हणून डिलीटेड आयटम्स मॅडमना विचारून रिकामं केलं. फाइलचा आकार जराही हलला नाही, पण मेल मात्र सुरू झाली. फाइलच्या पोटात मोकळी झालेली जागा नव्या मेलला पुरली, एवढाच त्याचा अर्थ. डिस्कवर आकार कमी दिसायला हवा तर कॉम्पॅक्ट करावं लागेल, म्हणजे आतली रिकामी जागा काढून टाकावी लागेल. आउटलुक बंद न करता थांबायची मॅडमची तयारी असेल त्या संध्याकाळी ते लावणार.

साहेबांनी यावरून पूर्ण कार्यालयाचंच काम दिलं: कुठे किती मेल साठली आहे, कोणती फाइल अडायच्या बेतात आहे, आणि रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत का चालतो.

७ जुलै

मोजदाद. प्रत्येक मशीनवर फिरून पीएसटी, ओएसटी (सर्व्हरवरच्या पेटीची स्थानिक प्रत), डीबीएक्स (जुन्या आउटलुक एक्स्प्रेसची फाइल) आणि थंडरबर्ड या दुसऱ्या मेल-प्रोग्रॅमची प्रोफाइल (त्याचा मेल-फोल्डर) शोधणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. नुसता आकार नोंदून भागत नाही, कारण पीएसटी दोन जातींची असते आणि दोन्हींचं एक्स्टेन्शन एकच.

९७ ते २००२ पर्यंतच्या आउटलुकची जुनी जात २ जीबीला संपते. तिच्यात फाइलमधली ठिकाणं ३२ बिटांच्या आकड्यांनी दाखवलेली असतात. २००३ मध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारं) स्वरूप आलं, ठिकाणं ६४ बिटांची झाली आणि २ जीबीचा अडसर गेला. त्यानंतरची मर्यादा ही स्वरूपाची नव्हे, आउटलुकनं ठरवून घातलेली: २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी, पुढे ५०. हा फरक साहेबांना समजावताना उपयोगी पडेल. एक भिंत आहे, दुसरी बदलता येणारी सेटिंग.

जात ओळखायला फाइल आउटलुकमध्ये उघडायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये या स्वरूपाचा तपशील जाहीर केला आहे. पहिले चार बाइट वाचले की उद्गारचिन्ह आणि बी, डी, एन ही अक्षरं दिसतात. शून्यापासून मोजत दहाव्या बाइटला आवृत्तीचा आकडा असतो. तो १४ किंवा १५ असेल तर जुनी जात, २३ किंवा जास्त असेल तर नवी. स्क्रिप्टनं एवढंच वाचलं.

जुन्या जातीच्या फायली अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. बहुतेक बंद पडलेल्या खात्यांच्या, कोणी उघडतही नाही अशा. पण भांडार विभागातली एक रोज वापरात आहे आणि १.८ जीबीवर पोचली आहे. मॅडमची ४७ जीबीची फाइल बातमीत आली, खरा धोका या १.८ जीबीच्या फाइलला आहे. नुसत्या आकाराच्या क्रमानं यादी लावली असती तर ही फाइल तळाशी राहिली असती.

८ जुलै

भांडारची फाइल. जुनी जात जागच्या जागी नव्यात बदलता येत नाही. नवी पीएसटी बनवायची, ती युनिकोड आहे याची खात्री करायची आणि जुनीतून फोल्डर हलवायचे. डेटा फाइलच्या सेटिंग्जमध्ये जुनीच्या नावापुढे कंसात ९७-२००२ असं लिहिलेलं असतं, ते मुद्दाम बघावं.

हलवायच्या आधी प्रत घेतली. सुरुवातीच्या आवृत्त्या २ जीबी ओलांडताना वापरणाऱ्याला थांबवतही नसत. फाइल पुढे जायची आणि मग उघडायची बंद व्हायची. त्यासाठी फाइलचं शेपूट कापणारी एक वेगळी युटिलिटी द्यावी लागली होती. शेपटात जी मेल असेल ती गेली. ते दिवस परत बघायचे नाहीत.

जुन्या फाइलमध्ये काही मेलचे देवनागरी विषय नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा झालेले होते. नव्या फाइलमध्ये हलवल्यावर ते सुधारतील अशी भांडारप्रमुखांची आशा होती. सुधारत नाहीत. अक्षर साठवतानाच गेलेलं असतं.

१० जुलै

आरेखन विभागात सगळे थंडरबर्डवर. इथे एकच मोठी फाइल नाही, प्रत्येक फोल्डरची वेगळी. इनबॉक्स नावाची बिनएक्स्टेन्शनची फाइल म्हणजे एकामागे एक चिकटवलेली सगळी मेल, साध्या मजकुरात. शेजारची एमएसएफ ही तिची अनुक्रमणिका; ती उडाली तर पुन्हा बनते. इनबॉक्स उडाली तर काही बनत नाही. दोघींतला फरक सगळ्यांना सांगून ठेवला.

जुन्या आवृत्त्यांत ४ जीबीपलीकडचं फोल्डर चालत नसे. आता चालतं, त्यामुळे लोक इनबॉक्स हाच एकमेव फोल्डर मानतात. एकीचा इनबॉक्स ११ जीबी आणि स्क्रीनवर जेमतेम चारशे मेल. तिला वाटलं व्हायरस आहे.

कारण सरळ आहे. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केली की एक्स-मोझिला-स्टेटस या ओळीतला आकडा बदलतो, वाचलेली आणि काढलेली मेल असेल तर ०००९ होतो, आणि मेल यादीतून नाहीशी होते. मजकूर फाइलमध्ये जागच्या जागी. वहीतली ओळ खोडली म्हणून पान पातळ होत नाही. कॉम्पॅक्ट केलं की उरलेल्या मेलची नवी फाइल लिहिली जाते आणि जुनी फेकली जाते. तिच्याकडे कॉम्पॅक्ट करायचं का असं विचारणारी खिडकी येत होती आणि ती दर वेळी 'नाही' म्हणत होती, कारण मेल पुसल्या जातील अशी भीती. ही भीती अडाणीपणाची नाही. न समजणाऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणणं शहाणपणाचंच असतं.

कॉम्पॅक्टपूर्वी पाळायच्या दोन गोष्टी. नवी प्रत आधी लिहिली जाते, जुनी मग जाते, म्हणून तेवढी मोकळी जागा डिस्कवर हवी. डिस्क भरली म्हणून कॉम्पॅक्ट करायला जाणाऱ्याला नेमकी हीच अडचण येते. आणि त्या वेळात अँटिव्हायरसनं त्या फाइलला हात लावता कामा नये. एका मेलमध्ये संशयास्पद अटॅचमेंट सापडली म्हणून अँटिव्हायरस पूर्ण इनबॉक्स फाइल उचलून विलगीकरणात टाकू शकतो. त्याच्या लेखी ती एकच फाइल आहे. मेल फोल्डर तपासणीतून वगळले. येणारी मेल तपासणं आणि साठलेल्या फायली खरवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

अकरा जीबीची फाइल कॉम्पॅक्टनंतर ९०० एमबीच्या आसपास आली.

त्याच विभागात बॅकअपची बाहेरची डिस्क. तिच्यावर मोठ्या फोल्डरच्या फायली कधीच उतरलेल्या नाहीत. डिस्क फॅट३२ या जुन्या साठवण-पद्धतीत फॉरमॅट केलेली, आणि तिथे एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी इतकीच मोठी असू शकते. डिस्कवर भरपूर जागा मोकळी असून "फाइल फार मोठी आहे" असा संदेश आला की हेच असतं. एनटीएफएस करून दिली. मॅकवरही लावायची असती तर एक्सफॅट.

१३ जुलै

आज अटॅचमेंट. मॅडम म्हणाल्या की २० एमबीची फाइल पाठवली तर सर्व्हर २५ एमबीच्या मर्यादेवरून परत करतो, हा हिशोब कुठला? हिशोब बेस६४ या लेखनपद्धतीचा. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली असल्यामुळे अटॅचमेंटचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहिले जातात, शिवाय दर ७६ अक्षरांना ओळ मोडते. ५७ बाइटांचे ७८ होतात. म्हणजे २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या पुढे जाते.

याचा साठ्याशी संबंध असा: थंडरबर्डच्या फाइलमध्ये अटॅचमेंट त्या फुगलेल्या रूपातच राहते, आउटलुक ती उलगडून मूळ बाइटांत साठवतं. तीच मेल, तीच माणसं, तरी आरेखनवाल्यांच्या फायली मोठ्या का हे कोडं त्यानं बरंचसं सुटतं. उरलेलं कोडं त्यांच्या आरेखनांच्या आकारानं.

आणखी एक वाया जाणारी जागा म्हणजे आपसातली मेल. एक अहवाल दहा जणांना गेला की दहा पेट्यांत दहा प्रती, पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये अकरावी, आणि कोणी 'सगळ्यांना उत्तर' देताना मूळ अटॅचमेंटसकट पुढे ढकलली तर विचारूच नका. पूर्वी मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर एका डेटाबेसमध्ये अशा मेलची एकच प्रत ठेवायचा. २०१० च्या आवृत्तीत ती सोय काढली. सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवून नुसता दुवा पाठवा असं परिपत्रक काढलं आहे. पाळलं जाईल अशी फार आशा नाही.

१५ जुलै

ऑटोआर्काइव्ह, म्हणजे जुनी मेल आपोआप वेगळ्या फाइलमध्ये हलवणारी आउटलुकची सोय. लेखा विभागात ते दोन वर्षांपासून चालू आहे आणि जुनं काहीच हलत नाही. आउटलुक वय मोजताना मेल आलेली तारीख आणि शेवटचा बदल यांपैकी नंतरची तारीख धरतं. मागच्या मशीनबदलात सगळी मेल इम्पोर्ट केलेली होती, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीची मेलही आउटलुकच्या मते परवाची. बदलाची तारीख दुर्लक्षित करायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) आउटलुकच्या प्रेफरन्सेसखाली आर्काइव्हइग्नोअरलास्टमॉडिफाइडटाइम ही किंमत १ करावी लागते. केली. त्या रात्री आर्काइव्हनं एवढं उचललं की सकाळी मॅडमनी मेल हरवल्याची तक्रार नोंदवली. हरवलेली नव्हती, शेजारच्या फाइलमध्ये होती. यापुढे आधी सांगायचं, मग चालवायचं, असं विभागप्रमुखांशी ठरलं.

१७ जुलै

बॅकअप रात्रभर का चालतो ते सापडलं. पीएसटी नुसती उघडली तरी फाइलची बदलाची तारीख सरकते. नवी एक मेल आली तरी बॅकअपच्या दृष्टीनं पूर्ण ४७ जीबीची फाइल बदलली, आणि आमची बॅकअप प्रणाली बदललेली फाइल पूर्णच उचलते. अशा फायली प्रत्येक विभागात. लोक वर्षभरात जेवढी मेल लिहितात त्याहून जास्त आपण एका रात्रीत इकडून तिकडे वाहतो.

यातून सुचलेली गोष्ट: मर्यादा जवळ आली की लोक विचारतात, किती वाढवता येईल? विचारायला हवं की रोज बदलणारी फाइल किती लहान ठेवता येईल. जुनी वर्षं वेगळ्या, न बदलणाऱ्या फायलींत गेली तर त्यांचा बॅकअप एकदाच लागतो.

भांडार विभागात दोघांच्या पीएसटी सर्व्हरच्या सामायिक ड्राइव्हवर निघाल्या, "बॅकअप आपोआप होतो म्हणून". साध्या नेटवर्क-शेअरवरची पीएसटी मायक्रोसॉफ्टच्या लेखी आधार नसलेली व्यवस्था आहे, आणि कारण समजण्यासारखं आहे. आउटलुक या फाइलमध्ये सतत छोटे छोटे तुकडे वाचतं-लिहितं. मधे नेटवर्क क्षणभर गेलं की लिहिणं अर्धवट. दोन्ही फायली मशीनवर आणल्या. एकीत दोष निघाला, दुरुस्ती लावली आहे.

२० जुलै

दुरुस्तीबद्दल. आउटलुकसोबत येणारं स्कॅनपीएसटी फाइल तपासतं, दुरुस्तीपूर्वी प्रत ठेवतं, सापडलेले सुटे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये जमा करतं. लहान फाइलला मिनिटं लागतात. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली ३० जीबीची फाइल आज सकाळी झाली. आणि एका फेरीत सगळं निघत नाही, दोष सापडायचे थांबेपर्यंत पुन्हा चालवावं लागतं. तोवर माणूस मेलविना. मोठ्या फाइलची खरी किंमत इथे कळते: ती बिघडली की किती वेळ हात बांधून बसावं लागतं यावर.

२२ जुलै

बैठक. साहेबांनी कुठेतरी वाचलेलं होतं की रजिस्ट्रीत मॅक्सलार्जफाइलसाइझ वाढवून १०० जीबी करता येतं. येतं, हे खरं. ऑफिसच्या १६.० खाली आउटलुक, त्याखाली पीएसटी, तिथे दोन किमती एमबीत घालायच्या. दुसरी वॉर्नलार्जफाइलसाइझ, पहिलीपेक्षा निदान पाच टक्क्यांनी कमी. पाच मिनिटांचं काम. "मग अडचण काय?"

अडचण परवाच्या स्कॅनपीएसटीत आहे, रात्रीच्या बॅकअपमध्ये आहे आणि मॅडमच्या शोधात आहे. त्यांना चार वर्षांपूर्वीचं एक बिल शोधायला आउटलुक आत्ताच मिनिटभर थिजवतं. मी उलट प्रस्ताव ठेवला: मर्यादा वाढवायची नाही, उतरवायची. पीएसटीला कमाल २०,४८० एमबी, आणि १९,४५६ ला नवा मजकूर बंद. २००३ आणि २००७ मध्ये हेच मूळ आकडे होते. साहेब हसले, "वीस वर्षं मागे नेताय." पण बॅकअपचा तक्ता पाहून हो म्हणाले.

सगळीकडे लगेच लावता येणार नाही. आधीच वीसच्या वर गेलेली फाइल पॉलिसी (सगळ्या मशीनवर एकदम लावायची ही सेटिंग) येताक्षणी मेल घेणं थांबवेल. म्हणून आधी वर्षवार फायली, मग पॉलिसी.

२४ जुलै

प्रस्तावातली एक गाठ आज सुटली. हे दोन आकडे पीएसटीसोबत ओएसटीलाही लागू होतात. सर्व्हरवर खाती असलेल्यांच्या मशीनवर ओएसटी ही सर्व्हरची स्थानिक प्रत. त्यांच्या पेट्या १०० जीबीपर्यंतच्या, ओएसटी मुळात ५० जीबीची. म्हणजे पूर्ण पेटी उतरवायची म्हटलं तर ती आजही मावत नाही. वर सामायिक पेट्याही २०१० पासून त्याच ओएसटीत उतरतात. विक्री विभागात एकाकडे तीन सामायिक पेट्या जोडलेल्या आणि त्याची स्वतःची मेल जेमतेम ४ जीबी. त्याला "तुमची पेटी भरली" हा संदेश येत होता आणि तो बिचारा स्वतःची मेल पुसत बसला होता.

ओएसटीवर उपाय सोपा आहे. २०१३ पासून खात्याच्या सेटिंग्जमध्ये किती काळाची मेल उतरवायची त्याची सरकपट्टी असते. सगळ्यांना एक वर्ष ठेवलं. जुनी मेल सर्व्हरवर राहते आणि शोधताना मागवता येते. सामायिक पेट्या उतरवणं बंद. ओएसटी लहान करायला पट्टी सरकवून भागत नाही, आतली जागा मोकळी होते एवढंच. आउटलुक बंद करून ओएसटी काढून टाकली की ती नव्यानं, लहान बनते. हे फक्त ओएसटीला. पीएसटीला असं करायचं नाही, ती कशाची प्रत नसते. हे वाक्य सूचनापत्रात जाड ठशात आहे.

२८ जुलै

आयमॅपवाले, म्हणजे ज्यांची मेल सर्व्हरवरच राहते ते. इथे तक्रार उलटी येते: मशीनवर जागा भरपूर, कोटा सर्व्हरचा संपलेला. थंडरबर्ड फोल्डरच्या गुणधर्मांत कोटा दाखवतं. तो आकडा सर्व्हर आयमॅपच्या कोटा विस्तारातून सांगतो, १०२४ बाइटांच्या एककात. सर्व्हरला तो विस्तार येत नसेल तर काहीच दिसत नाही आणि माणसाला कळतं ते थेट मेल परत गेल्यावर.

लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे जुनी मेल लोकल फोल्डर्समध्ये ओढणं. कोटा सुटतो, पण त्या क्षणापासून ती मेल जगात एकाच ठिकाणी असते, त्या मशीनच्या डिस्कवर. आरेखन विभागातल्या चौघांपैकी एकालाही याची कल्पना नव्हती. त्यांची प्रोफाइल बॅकअपच्या यादीत आज घातली.

मेलडिर लावावं का असा प्रश्न आला, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. ॲपलचं मेल २००५ पासून असंच साठवतं आणि आपल्या दोन्ही मॅकवर बॅकअप नवी मेल तेवढीच उचलतो, हे बघून मोह होतो. पण थंडरबर्डमध्ये ते अजून सेटिंगमध्ये स्वतःहून निवडावं लागतं, आणि लाखो बारक्या फायलींचे स्वतःचे त्रास असतात: ४ केबीच्या क्लस्टरमध्ये (डिस्कवर जागा वाटायच्या सर्वात लहान तुकड्यात) प्रत्येक फाइलमागे सरासरी २ केबी वाया धरले तर ३ लाख मेलना ६०० एमबीच्या जवळपास नुसती हवा, आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघणार. हातात असलेल्या वर्षवार फोल्डरांनी भागत असेल तर आत्ता नको.

३ ऑगस्ट

वर्षवार फायली लेखा, भांडार, विक्री तिन्हींकडे झाल्या. नावात वर्ष आणि विभाग, फाइल न बदलणारी म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ती आउटलुकला कायम जोडून न ठेवता लागेल तेव्हाच उघडायची. जोडून ठेवली की तिची तारीख पुन्हा सरकते आणि बॅकअप पुन्हा तिला उचलतो. मॅडमना हे पटलेलं नाही. त्यांना मागची तीन वर्षं डाव्या बाजूला दिसायलाच हवीत. त्यांच्यापुरती तीन वर्षं जोडलेली ठेवली. तीन फायलींची तारीख सरकली तर बॅकअप मरत नाही.

त्यांची चालू फाइल कॉम्पॅक्टनंतर ६ जीबी. शोध पटकन येतो आहे. मर्यादा उतरवणारी पॉलिसी लेखा विभागाला आज लावली, बाकीच्यांना सोमवारी.

राहिलेलं: बंद कपाटातल्या एका जुन्या डिस्कवर आउटलुक एक्स्प्रेसच्या डीबीएक्स फायली आहेत. त्यांचीही मर्यादा फोल्डरमागे २ जीबीची, आणि एक इनबॉक्स नेमका त्या आकड्याला अडकलेला दिसतो. ती उघडायला विंडोज एक्सपी असलेलं मशीन लागेल किंवा डीबीएक्स वाचणारं एखादं साधन. आधी डिस्कची प्रत, मग बाकीचं. विधी विभागाकडून त्या मेलची गरज आहे का ते लेखी मागवलं आहे.